न वाकता निघणारं पायताण

“आन् ही नाडी बांधीस्तोर, मास्तर, यष्टी चाकूरला पोचती बगा. कामून घेतले असले बूट?”

“लातूरला घेतले, भुजंगमामा. दुकानदार म्हणाला, चालायला याच्यासारखे दुसरे नाहीत.”

“त्यो कवा चालला फाट्यापून हितवर? गादीवर बसून समद्यालाच चालता येतंय.”

शाळेच्या ओट्यावर कोवळं ऊन आलं होतं. मन्मथ मास्तर नवे कोरे बूट मांडीवर घेऊन बसले होते, आणि भुजंग कोतवाल खाली काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मास्तर उदगीरच्या दुकानदार घरातले. नोकरीला लागून दोन महिने झालेले. फाट्यापासून आमचं गाव दीड कोस, आणि तो दीड कोस सगळा काळ्या रानातला. चालायला काय घालावं हे गावात एकाच माणसाला विचारायची रीत होती, म्हणून मास्तरांनी भुजंगाला हाक मारली होती.

“उन्हाळ्यात कातडं घ्यायचं न्हाई,” भुजंग सांगत होता. “कातडं वाळलं की करवतीवानी कापतंय. ट्रकच्या टायरची वहाण घ्या. बाभळीचा काटा तिच्यात घुसतो, पर पायापतुर येत न्हाई. डोस्क्याला पांढरं, पातळ, दुहेरी गुंडाळायचं. दस्ती भिजवून मानंवर टाकायची.”

“आणि पावसाळ्यात?”

“पावसाळ्यात पायात काय बी न्हाई. आपल्या रानातला चिखल पायाला धरून बसतो, सावकारावानी. धा पावलांत एकेका वहाणंला दोन-दोन शेर माती. काढायची, काठीला अडकवायची आन् बांधाच्या कडंनं गवतावरून चालायचं. वर घोंगडी. ते मेणकापड घेऊ नका. वारं सुटलं की ते रेणापूरला आन् तुमी हितं.”

“घोंगडी भिजली की जड होते की.”

“जड होती, पर ऊब सोडत न्हाई. सोयऱ्यापरीस बरी.”

मास्तर हसले. “आणि थंडीत?”

“दोन पातळ सदरे. एक जाड घालू नका. चालून घाम आला की एक काढून खांद्यावर टाकता येतो. जाड सदरा अर्धा कुटून काढता?”

“म्हणजे बूट चालणारच नाहीत म्हणा.”

“घाला की. पर पायताण कसं पायजे, तर खाली न वाकता पायातून निघलं पायजे. आमच्या बापानं एवढंच शिकवलं.”

“ते का?”

“चिखल हाय. वढा हाय. घडी घडी काढावं लागतंय.”

मास्तरांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. पण भुजंगाच्या बापानं हे चिखलासाठी शिकवलं नव्हतं.

आमच्या गावाला दगडी वेस आहे; शाळा तिच्या बाहेर. वेशीत शिरलं की उजव्या हाताला मारोती, डाव्या हाताला शेषेराव पाटलांचा ओटा, आणि तिथून पन्नास पावलांवर चावडी. त्या पन्नास पावलांत भुजंगाच्या आळीतल्या माणसानं पायताण हातात घ्यायचं, ही जुनी चाल. छप्पन्न सालानंतर त्या आळीनं देव सोडले, मेलेली ढोरं ओढायची सोडली, जत्रेतलं नाचणं सोडलं. वेस तेवढी सुटली नाही. कायदा तर त्याच्या आदल्याच वर्षी झाला होता. त्यानंतर “काढ” म्हणून कुणी तोंडानं सांगेना. कुणी सांगतच नव्हतं, त्यामुळं ते बंद तरी कुणाला करता येणार? तरणी पोरं मागच्या गाडीवाटेनं जात. पण कोतवालाला मागची वाट नसते. तालुक्याचं टपाल, नोटिसा, सरकारी कागद घेऊन त्याला चावडीवर वेशीतूनच जावं लागतं.

बाप कोतवाल होता, तेव्हाच त्यानं त्याच्यापुरती तोड काढली होती. काठीच्या खालच्या टोकाला लोखंडी आकडी ठोकून घेतली, शेरडांना पाला ओढायला असते तसली. वेशीपाशी आला की चालता चालता वहाण पायातून निसटू द्यायची, आकडीनं पट्टा उचलायचा आणि काठी खांद्यावर टाकून पुढं. कंबर कुठं मोडायची नाही, मान कुठं खाली जायची नाही. ओट्यावरच्या माणसाला वाटायचं आपला मान राखला, आणि बापाला वाटायचं आपण वाकलो नाही. मरताना त्यानं भुजंगाला काठी दिली आणि म्हणाला, “काढायचं तर काढ. वाकायचं न्हाई.”

ही त्या घराची मिळकत. दुसरी काही नव्हती.

बहात्तर साली मात्र वेशीला कुणी विचारलं नाही. सगळं गाव खडी फोडायला गेलं. पाटलाची भावकी, वाणी, धनगर, भुजंगाची आळी, सगळे एका ढिगाऱ्यावर. वैशाखात ते दगड असे तापायचे की बायका पायाला चिंध्या गुंडाळून बसायच्या. भुजंगानं तालुक्याहून येताना फुटके टायर डोक्यावर आणले आणि बसल्या जागी वहाणा कापून दिल्या. शेषेराव पाटलांच्या सुनेच्या पायातसुद्धा भुजंगाच्या हातची वहाण होती. संध्याकाळी ती सगळी माणसं वेशीतून एकदमच घरी यायची, धुळीनं सारखीच भुरी झालेली. कुणाच्या पायात काय आहे हे बघायला कुणाच्या डोळ्यांत पाणी उरलं नव्हतं. भुजंगाची बायको सरजाबाई म्हणायची, “माय, दुष्काळ असाच ऱ्हावा म्हनलं तर पाप लागंल, पर म्हनावं वाटतंय.”

त्र्याहत्तरला पाऊस झाला. रानं हिरवी झाली, आणि वेसही पहिल्यासारखी झाली.

दहा वर्षं गेली. लातूर जिल्हा झाला. आधी जिल्ह्याचं काम म्हणजे उस्मानाबाद, जायला एक दिवस आणि साहेब भेटेपर्यंत दोन. आता म्हणे सगळं जवळ आलं. नव्या कचेऱ्या निघाल्या, खुर्च्या आल्या, आणि दारात उभं राहायला शिपाई हवे होते. एक दिवस तलाठी व्यंकटराव चावडीवर भुजंगाला म्हणाले, “आसपासच्या गावांतनं एक कोतवाल शिपाई म्हणून घेणार आहेत. मोठे साहेब दुष्काळाची पाहणी करायला येणारेत, तेव्हाच बघून निवडतील. तुझं नाव मी वर लावलंय. पण ड्रेस पुरा पाहिजे. टोपीपासून बुटापर्यंत.”

आणि त्यांनी कागदात गुंडाळलेला जोड पुढं केला.

भुजंगानं बूट उलटे करून बघितले. “साहेब, ह्याला नाडी हाय.”

“मग?”

“बिगरनाडीचा न्हाई का एकांदा?”

“बिगरनाडीचा बायकांचा असतो रे.” व्यंकटराव हसले. मग त्यांना काही तरी आठवलं आणि त्यांचं हसू आटलं. ते दप्तर चाळत बसले.

लातूरला गेला असता तर भुजंग या वेशीतून कायमचा सुटला असता. तिथं कचेरीच्या दाराला पायरी होती, वेस नव्हती. शेवटची दहा-बारा वर्षं पायात बूट घालून उभं राहायची नोकरी! त्याला दुसरं काही नको होतं.

आठ दिवस तो घरामागच्या मोकळ्या जागेत बूट घालून फिरला. नाडीची गाठ मारायला शिकला. टाचेला फोड आले, त्यावर गोडं तेल लावलं. आदल्या दिवशी तो सरजाबाईला म्हणाला, “उद्या येशीतून बूट घालून जानार. सरकारचा हुकूम हाय.”

“हुकूम सरकारचा हाय,” ती म्हणाली, “येस सरकारची न्हाई.”

“तरी जानार.”

“जावा की. म्या काय येशीत आडवी पडले?”

त्या साली पाऊस मृगापासून तोंड लपवून बसला होता. पिवळी ज्वारी होता होता करपली, तुरी गुडघ्याएवढ्याच राहिल्या. आणि साहेब दुष्काळ बघायला यायच्या दिवशी, भाद्रपदात, पहाटेपासून धो धो कोसळला. पिकाला नव्हता, साहेबाला आला. ओढ्याच्या अलीकडं साहेबाची जीप काळ्या मातीत चाकापर्यंत बसली. दुष्काळाची पाहणी चिखलात रुतली.

भुजंग स्वागताला ओढ्यावरच उभा होता, खाकी कपड्यांत, बुटांत. व्यंकटराव ओरडले, “पळ भुजंगा, गावातनं दोन बैलजोड्या आण!”

भुजंग पळाला. अर्ध्या कोसावर गाव. प्रत्येक बुटाला शेर-शेर चिखल, पण त्यानं पाय थांबवला नाही. हुकूम होता, घाई होती, पायात सरकारनं दिलेले बूट होते. वेशीतून न थांबता जायला याहून चांगला दिवस जन्मात दुसरा मिळाला नसता.

वेशीपाशी त्याचे पाय थांबले.

मी पुढं त्याला विचारलं होतं, का थांबलास? तो म्हणाला, “म्या कुटं थांबलो? पाय थांबले.” तीस वर्षं ज्या दगडापाशी वहाण निघायची त्याच दगडापाशी पाय थांबले आणि त्यानं सवयीनं उजवी टाच उचलली. बूट निघाला नाही. निघणार कसा? मग तो खाली वाकला. गाठ पाण्यानं फुगून दगडासारखी झालेली. नखानं ओढली, दातानं ओढायची म्हणून चिखलात फतकल मारून बसला. ज्या ओट्यापुढं बाप कधी वाकला नाही त्या ओट्यापुढं भुजंग बूट तोंडाशी धरून बसला होता.

शेषेराव पाटील ओट्यावर सुपारी कातरत होते. ते त्याला काढ म्हणाले नाहीत. त्यांनी बराच वेळ बघितलंही नाही. मग मान वर केली.

“काय झालं रं?”

“साहेबाची जीप रुतली, मालक. बैलं पायजेत. नाडी निघंना.”

“मग काप की. साहेब तिकडं खोळंबलाय आन् तू गाठी सोडायलास!” पाटलांनी हातातला अडकित्ता ओट्यावरून त्याच्याकडं टाकला.

पाटलांनी मदतच केली. तसाच जा, असं त्यांच्या मनात आलं नाही. भुजंगाच्याही आलं नाही. त्यानं अडकित्त्यानं नाडी कापली, दुसरी कशीबशी सोडली, बूट काखेत मारले आणि अनवाणी पळत जाऊन बैल काढायला लावले. अडकित्ता तो ओट्याच्या कडेला ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत अडकित्ता तिथंच पडून होता.

बैल जाईपर्यंत साहेब पायीच निघाले होते. चिखलानं त्यांनी स्वतःचे बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बूट हातात धरून वेशीतून आत आले. गाव बघत राहिलं. “काय साधा माणूस!” एक जण म्हणाला. “मारोतीपुढं पायताण हातात घेतलं बगा,” दुसरा म्हणाला. शेषेराव पाटील ओट्यावरून उतरले आणि साहेबाच्या पायावर त्यांनी स्वतः तांब्यानं पाणी घातलं.

चावडीपुढं पाच गावांचे कोतवाल रांगेनं उभे. चौघे परगावचे, त्यांच्या पायात बूट. पाचवा अनवाणी, गुडघ्यापर्यंत काळा.

“याचे बूट कुठं आहेत?” साहेबांनी विचारलं.

व्यंकटरावांनी जमिनीकडं बघितलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि सगळं गाव गप होतं. भुजंगानं पाटलांकडं बघितलं नाही, वेशीकडंही नाही.

“चावले, साहेब.”

“चावले?” साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. “ज्याला बूट सोसत नाही, तो दिवसभर दारात उभा कसा राहील?”

कचेरीला जाऊन यायचे चौदा कोस दर आठवड्याला तुडवणाऱ्या माणसाबद्दल ते असं म्हणाले आणि पुढच्या कोतवालाकडं वळले. शेजारच्या गावच्याचं नाव लागलं. जाताना व्यंकटराव हळूच म्हणाले, “भुजंगा, खरं सांगायचं होतंस रे.”

“तुमी व्हता की, साहेब,” भुजंग म्हणाला. “तुमाला बी तोंड हाय.”

त्या रात्री सरजाबाईनं बूट धुऊन चुलीपाशी वाळत घातले. पुढं एकात भोपळ्याचं बी ठेवलं, दुसऱ्यात दोडक्याचं. उरलेल्या नाडीनं कंदील आढ्याला टांगला.

ते सगळं दोन वर्षांमागं झालं. मन्मथ मास्तरांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं.

“तुमच्याकडंही बूट होते म्हणं, मामा. सरकारी,” मास्तर म्हणाले. कुणीतरी अर्धं सांगितलं असणार.

“हायत की. लई मजबूत. बियाला उंदीर लागत न्हाई.”

मास्तरांना ते समजलं नाही. त्यांनी बूट पायात घातले, नाड्या आवळल्या, ओट्यावरून चार पावलं चालून बघितलं. “मग मी काय करू? परत करू हे?”

भुजंगानं त्यांच्या पायांकडं बघितलं. चांगले बूट होते, जाड तळाचे. “ऱ्हाऊ द्या. तुमी काय बी घाला, मास्तर. तुमाला कुटं घडी घडी काढायचंत?”

“अहो, आत्ताच तर चिखल, ओढा म्हणालात.”

“चिखल काय, वाळतो.”

चावडीकडून व्यंकटरावांची हाक आली. तालुक्याहून नोटिसा आल्या होत्या, दुपारच्या आत वाटायच्या होत्या. “आलो, साहेब!” म्हणत भुजंगानं थैली खांद्याला अडकवली आणि निघाला. वेशीपाशी चालता चालता त्याच्या टाचा उचलल्या, टायरच्या वहाणा मागं निसटल्या. त्यानं वळून न बघता काठी मागं फिरवली, आकडीत दोन्ही पट्टे धरले, काठी खांद्यावर टाकली आणि पन्नास पावलं चालून तो चावडीत नोटिसा मोजायला बसला.