नानांनी निवडलेली पावडर

पेटू शकेल अशी कुठलीही वस्तू समोर आली की माझे सासरे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहत. जर्मनीत इंगोलश्टाटजवळच्या आमच्या घरी आले त्या पहिल्या दिवशी स्वयंपाकघरातल्या विजेच्या शेगडीसमोरही ते तसेच उभे होते. माझी मुलगी रेवा, वय वर्षं आठ, हिला मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमध्ये देते. ती म्हणाली, "आजो, दास इस्ट नूर डेअर हेर्ट." म्हणजे ही नुसती शेगडी आहे. नाना म्हणाले, "असू दे गं. ओळख होईपर्यंत हात मागेच बरे."

खानदेशातल्या एका सरकारी दारूगोळा कारखान्यात नानांनी चौतीस वर्षं पावडर तपासली. पावडर म्हणजे काडतुसात भरतात ती बारूद. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थाने माझ्या आईला सांगितलं होतं, "मुलीचे वडील दारू तपासतात." आईने दोन दिवस उत्तरच दिलं नाही. पुढे हा किस्सा नाना स्वतःच सगळ्यांना सांगत, आणि सांगून झाल्यावर गंभीर चेहऱ्याने पुस्ती जोडत, "तपासायचो, पण चव नाही घेतली कधी."

मृणालच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या बोलण्यात दर चार वाक्यांनंतर नाना येत. मी डिशवॉशर दुरुस्त केला तर ती व्हिडिओ कॉलवर नानांना पाइप दाखवून विचारायची, "बरोबर बसलाय ना?" मी इथे गाड्यांच्या इंजिनात इंधन कसं फवारावं, कसं जाळावं यावर काम करतो. ज्वलन हा माझा पोटापाण्याचा विषय. तरी घरात कशाला आग लागली तर माझ्याआधी नानांना फोन जाईल, अशी माझी खात्री होती. तेव्हा मला नानांविषयी आदर होता आणि थोडीशी खुन्नसही होती. ते हजारो किलोमीटर दूर होते तोवर दोन्ही नीट नांदत होते.

गावातल्या नेमबाजी फेराइनमध्ये मी नाना येण्याच्या तीन वर्षं आधीच दाखल झालो होतो. फेराइन म्हणजे क्लब. इथे प्रत्येक गावाला असतो, आणि त्यात शिरल्याशिवाय गाव तुम्हाला ओळखत नाही. पिस्तुलाची आवड लागली, तशी काडतुसं स्वतः भरायचीही लागली. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्यात नवी पावडर आणि नवी गोळी बसवायची. त्यासाठी मी रीतसर शिकवणी लावली, परीक्षा दिली, परवाना मिळवला. शिकवणारे खरे गुरू होते ते लेखनर. सत्तरी ओलांडलेले निवृत्त टूलमेकर, क्लबातले सर्वांत जुने नेमबाज. त्यांच्या तळघरातल्या बाकावर मी तीन वर्षं शनिवार घालवले. तीन वर्षांत ते मला 'हेर इंगेनिअर', म्हणजे इंजिनिअरसाहेब, आणि 'तुम्ही' म्हणत राहिले. मागच्या कपाटात त्यांच्या चाळीसेक वर्षांच्या वह्या होत्या. त्या कधी उघडल्या नाहीत, आणि मीही मागितल्या नाहीत.

नाना आले त्या वसंतात मी माझ्या पिस्तुलासाठी पावडर निवडत होतो. हे काम चिकाटीचं असतं. एकच गोळी, एकच पुंगळी, फक्त पावडर बदलत जायची आणि कागदावरची भोकं बघायची. मी सहा प्रकार तपासले होते. गोळीचा वेग मोजणारं यंत्र विकत घेतलं होतं, लॅपटॉपवर आलेख काढले होते. त्यातून बारीक दाण्याची एक पावडर निवडली होती, कारण तिचे वेग एकमेकांशी जुळत होते. तरी स्पर्धेत दहातल्या दोन-तीन गोळ्या वर-खाली जात. मी दोष माझ्या मनगटाला देत होतो.

"नानांना एकदा घेऊन जा की तुझ्या लेखनरकडे," मृणाल म्हणाली. "घरात बसून कंटाळतात."

मी घेऊन गेलो. खरं सांगायचं तर दाखवायलाच घेऊन गेलो. तळघर, बाक, यंत्र, आलेख. लेखनरनी एका पांढऱ्या ताटलीत थोडी पावडर ओतून ठेवली होती. नानांचे हात मागे गेले. ते कमरेत वाकले, दिवा जरा तिरका करायला सांगितला आणि हलकेच वास घेतला.

"ही म्हातारी झालीय, बरं का," ते म्हणाले. "आंबूस वास येतोय. डब्याचं झाकण नीट बसत नसणार."

मी भाषांतर करायला नको तेवढा वेळ घेतला. लेखनरनी डबा उचलला, झाकण फिरवून पाहिलं आणि टाकून द्यायच्या सामानात ठेवला. त्यांना म्हणे महिनाभर शंका येत होती. मग ते मागच्या कपाटाकडे गेले आणि वह्यांचा गठ्ठाच बाकावर आणून ठेवला. नानांच्या समोर. पानं लेखनर उलटत होते आणि नाना आकडे वाचत होते. अक्षरं जर्मन, पण आकडे ते आकडेच. मी मधे उभा होतो आणि दोघांपैकी कुणालाच माझी गरज पडत नव्हती.

नानांची दुसरी सवय अशी की निकाल सांगण्याआधी ते प्रश्न विचारत, आणि प्रश्न इतका साधा असे की माणूस गाफील राहावा. पुढच्या शनिवारी मैदानावर तासभर माझं बघून त्यांनी विचारलं, "जावईबापू, स्पर्धेत गोळी झाडण्याआधी पिस्तूल कसं धरता?"

"खाली. मग इशारा झाला की वर उचलतो."

"आणि तपासताना?"

"टेबलावर ठेवलेलं असतं. आडवं. तिथूनच..." मी थांबलो. ते काय म्हणणार हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते त्यांनी म्हणू नये असं फार वाटलं.

"तुमची पावडर बारीक आहे, थोडीच लागते," नाना शांतपणे म्हणाले. "पुंगळीत मोकळी जागा उरते. जागा उरली की पावडर लोळते. पिस्तूल खाली धरलं की गोळीकडे जाते, वर केलं की मागे सरते. ठिणगी पडते तेव्हा ती कुठे निजलीय त्यावर वेग ठरतो."

लेखनरना मी हे सांगितलं. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ते पुटपुटले आणि लगेच कामाला लागले. पाच गोळ्या नळी आधी खाली झुकवून, पाच आधी वर करून. माझ्या आलेखातल्या लाडक्या पावडरने दोन वेगळेच आकडे दाखवले, जणू दोन वेगळ्या पावडरी असाव्यात. मग त्यांनी जाड चकत्यांची एक फुगीर पावडर घेतली. धूर करते, नळी मळवते म्हणून मी ती पहिल्याच आठवड्यात बाद केली होती. ती पुंगळी जवळजवळ भरून टाकते. खाली झुकवा, वर करा, तिचा वेग फारसा हलेना.

"आणि हिचा आणखी एक गुण," नाना म्हणाले. "चुकून दोनदा भरली तर सांडते. तुमची बारीक पावडर दोनदा भरली तरी पुंगळीत गपचूप मावेल, आणि पिस्तूल हातात फुटेल. जिची चूक डोळ्यांना दिसते ती पावडर घरात ठेवावी."

पुढच्याच स्पर्धेत माझ्या गोळ्या एका जागी बसू लागल्या. क्लबातले लोक अभिनंदन करायला आले ते नानांचं. लेखनर त्यांना नुसतं 'नाना' म्हणू लागले होते, आणि 'तू' म्हणत होते. मला तीन वर्षांत न मिळालेला 'तू' नानांना तिसऱ्या शनिवारी मिळाला. दोघे मैदानामागच्या बाकावर बसत. लेखनर बव्हेरियन बोलीत काहीतरी सांगत, नाना "हां, हां" म्हणत. नाना मराठीत सांगत, लेखनर "या, या", म्हणजे हो, हो, म्हणत. मी भाषांतर करायला गेलो तर दोघेही सभ्यपणे थांबत, ऐकून घेत, आणि मी गप्प झालो की पुन्हा आपलं सुरू करत.

मग मी एक गोष्ट केली. जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी क्लबच्या संघाची पावडर ठरवायची होती. लेखनरनी मला निरोप पाठवला: शनिवारी दहाला नानाला घेऊन या, त्याच्यासाठी बिनमांसाचा नाश्ता सांगितला आहे. मी नानांना म्हणालो, "या शनिवारी क्लब बंद आहे, नाना. मला ऑफिसचं काम आहे." आणि लेखनरना जाऊन सांगितलं की ते आजारी आहेत. लेखनरच्या शेजारी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. मी तिच्यावर बसलो. माझी मतं मी मांडली, सगळ्यांनी मान डोलावली. लेखनरनी मात्र मला एकही प्रश्न विचारला नाही.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. दार नानांनी उघडलं. मी जिन्यात होतो, खाली उतरू शकलो नाही. बाहेर लेखनर, हातात मधाची बाटली. त्यांनी बरं वाटतंय का असं विचारलं. नानांना रेवाने शिकवलेले वीसेक जर्मन शब्द येत. त्यांनी लेखनरकडे पाहिलं, मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग गळ्याला हात लावला आणि म्हणाले, "या. गेस्टर्न क्रांक. होइटे गुट." काल आजारी, आज बरा. आणि थोडे खोकलेदेखील. खोकला वाईट होता. नानांना नाटक जमत नसे.

दोन दिवस ते त्याविषयी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होतो, ते समोर येऊन बसले आणि माझ्याबरोबर घड्या घालू लागले.

"ओलसर पावडर पेटत नाही असं लोकांना वाटतं," ते म्हणाले. "पेटते. उशिरा पेटते. माणूस म्हणतो विझली, आणि नळीत डोकावतो. आमच्याकडे एकाचा डोळा गेला तसा."

"नाना, त्या दिवशी मी..."

"हे सदरे कुठे ठेवू? रेवाच्या खणात नको ना?"

मी खण दाखवला. तो विषय तिथे संपला. मला तो संपायला नको होता. ते रागावले असते तर मला त्यांच्यावर रागावता आलं असतं. माफ करण्यातही हा माणूस माझ्या पुढेच होता, आणि खरं सांगतो, मला त्याचाही हेवा वाटला.

व्हिसाचे नव्वद दिवस संपले. लेखनर निरोप द्यायला घरी आले. दोघांनी हात मिळवले आणि बराच वेळ सोडले नाहीत. नाना मराठीत म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात येतो." लेखनरनी मान हलवली. त्यांना काय कळलं कोण जाणे. पुढचा उन्हाळा नानांना मिळाला नाही. जानेवारीत, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मृणाल आणि मी जाऊन आलो. त्यांचे कारखान्यातले जुने सहकारी भेटायला येत होते, आणि प्रत्येकजण त्यांचं एक-एक वाक्य सांगून जात होता. बरीचशी मी कधी ऐकलेली नव्हती.

परत आल्यावर पहिल्या शनिवारी मी लेखनरच्या तळघरात गेलो. बातमी त्यांना फोनवर दिली होती. ते ताटली पुसत होते. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं, की त्या शनिवारी नाना आजारी नव्हते, मी खोटं बोललो होतो.

लेखनर पुसत राहिले. "का?" त्यांनी विचारलं.

"मला हेवा वाटत होता. त्यांचा. तुम्ही त्यांना वह्या दाखवल्यात."

"आल्झो," म्हणजे असं तर, ते म्हणाले. मग ताटली खाली ठेवली. "मलाही वाटत होता."

"कोणाचा?"

"तुमचा. मला त्याच्याकडून फक्त पावडर मिळायची. बाकी तो इतकं बोलायचा, मला एक शब्द कळायचा नाही. मग तुम्ही त्याला गाडीत बसवून न्यायचात. मी फाटकात उभा राहून बघायचो. म्हणायचो, आता हा माणूस अर्धा तास ऐकणार, आणि सगळं समजणार."

त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं.

"काय बोलायचा तो, गाडीत?"

मी आठवू लागलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सचे मळे लागत, उंच खांबांवर चढवलेले वेल. नानांनी विचारलं होतं, एवढ्या उंच कसल्या वेली या, कोण चढतं तोडायला. आमच्याकडे पानमळे असतात तसेच दिसतात, असंही म्हणाले होते. मग पानमळ्यावरून त्यांच्या वडिलांचं काहीतरी सांगायला लागले होते.

"वडिलांचं काय?" लेखनरनी विचारलं.

"ते नाही माहीत," मी म्हणालो. "मी रेडिओ लावला होता."