धर्माची कमानीची गाडी

वरळीच्या कोळीवाड्यातल्या धर्माने पंचेचाळिशी उलटल्यावर समुद्र सोडला आणि घोड्याची गाडी घेतली, तेव्हा अख्ख्या कोळीवाड्याने त्याला वेड्यात काढलं. कोळ्याच्या जातीने होडी सोडून तट्टाचा लगाम धरावा, हेच मुळी कुणाच्या गळी उतरेना. धर्माला मात्र लोकांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला बायकोच्या डोक्यावरची पाटी उतरवायची होती, बस्स.

त्याची बायको पुतळाबाई. वीस वर्षं ती रोज सकाळी माशांची पाटी डोक्यावर घेऊन वरळीहून पायी गिरगावात येत असे. आमच्या फणसवाडीतली निम्मी घरं तिची गिऱ्हाइकं. माझी आई आनंदीबाई आणि पुतळाबाई यांचं रोज कडाक्याचं भांडण होई. आई म्हणे, हा बांगडा कालचा आहे. पुतळाबाई म्हणे, बाय, कालचा असंल तर माज्या तोंडात घाल. पाच मिनिटांत सौदा होई आणि मग दोघी पायरीवर बसून अर्धा तास गप्पा मारीत. मी तेव्हा गिरगावातल्या एका शाळेत इंग्रजीचा मास्तर होतो, नुकता मॅट्रिक झालेला, आणि आपल्याला फार येतं अशी माझी पक्की समजूत होती.

शके अठराशे सोळाच्या सुमाराची ही गोष्ट. त्या साली पुतळाबाईची कमर गेली. जिना चढताना मध्येच थांबायची, भिंतीला हात लावायची, ओठ घट्ट मिटून घ्यायची. धर्मा तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टराने कमरेचं हाड चाचपून सांगितलं, डोक्यावरचं ओझं आजपासून बंद, नाहीतर वर्षाच्या आत ही बाई अंथरुणाला खिळेल आणि पुन्हा उठायची नाही. घरात मूलबाळ नव्हतं, दुसरं बाईमाणूस नव्हतं. पुतळाबाईला घरी बस म्हणणं म्हणजे तिला श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं होतं.

तेव्हा धर्माने होडीतला आपला हिस्सा धाकट्या भावाला, रघुला, विकून टाकला आणि त्या पैशांत गाडी घेतली. साधा खटारा त्याला कुठल्याही सुताराने करून दिला असता. पण खटाऱ्याच्या हादऱ्यांनी तिची कमर आणखी खिळखिळी झाली असती. म्हणून त्याला कमानीची गाडी हवी होती, खाली पोलादी कमानी बसवलेली, जिच्यात माणूस पाळण्यात बसल्यासारखा बसतो. ग्रँट रोडच्या बाजूला तेव्हा गाड्यांचा एक मोठा कारखाना होता, पुढे काचेची दारं, आत चकचकीत गाड्या ओळीने उभ्या. त्याचं नाव मी लिहीत नाही. फुकटची जाहिरात कशाला करू?

तिथल्या कारकुनाने म्हणे धर्माला खुर्ची दिली, गाडीच्या कमानी हाताने दाबून दाखवल्या, चाकांवर टिचक्या मारून दाखवल्या आणि वर म्हणाला, "तुझ्या नातवाचं लग्न होईल तरी ही गाडी अशीच राहील." निपुत्रिक माणसाला सांगितलेलं हे वाक्य! चाकांच्या लाकडाची आणि लोखंडाची एक वर्षाची हमी, असा छापील इंग्रजी कागदही त्याने दिला. धर्माने तो मेणकापडात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवला.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती गाडी फणसवाडीत शिरली. हिरवा रंग, पिवळ्या रेघा, तट्टाच्या गळ्यात झेंडूची माळ. मागे पाट्या आणि पुढे धर्माशेजारी पुतळाबाई, नवं लुगडं नेसून, लाजून अर्धमेली झालेली. चाळीतल्या बायका कठड्यावरून ओरडल्या, "पुतळाबाई, वरातीला निघालीस की काय गो?" ती खाली उतरली आणि जिना न थांबता चढून वर आली. वर येऊन आईला म्हणाली, "बाय, कमर हाय का नाय तेच आज ठावं नाय." तिचं ते हसणं पाहून मलाही भरून आलं होतं.

तीन महिने बरे गेले. मग थंडी सरली, हवा कोरडी झाली आणि चाकं खडखडू लागली. लाकूड कच्चं होतं. बाहेरून रंग फासला होता म्हणून दिसलं नाही, एवढंच. ओलं लाकूड वाळलं, आक्रसलं आणि त्याच्यावर चढवलेली लोखंडी धाव सैल पडली. धर्मा गाडी घेऊन कारखान्यात गेला. तोच कारकून, पण या वेळी खुर्ची नाही. म्हणाला, "नवी गाडी आहे, चालून चालून बसेल." दुसऱ्या खेपेला त्यांनी गाडी आठ दिवस ठेवून घेतली, लाकूड आणि लोखंडाच्या फटीत पाचरी ठोकल्या, वरून नवा रंग दिला आणि परत पाठवली. ते आठ दिवस पुतळाबाई पुन्हा पाटी डोक्यावर घेऊन आली. पाचरी तिसऱ्या दिवशी वाटेत गळून पडल्या. तिसऱ्या खेपेला साहेब महाबळेश्वरला गेले होते. चौथ्या खेपेलाही ते महाबळेश्वरलाच होते. गाडी विकताना हा साहेब कसा नेमका मुंबईत होता, हे विचारायचं धर्माला सुचलं नाही. मला सुचलं असतं.

तेव्हा धर्माने आपल्या अकलेने एक उपाय काढला. होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली की तिच्या फळ्या वाळतात आणि फटी पडतात. पाण्यात लोटली की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक. मग चाकाला दुसरा न्याय कशाला? रोज संध्याकाळी तो चारही चाकं काढी, किनाऱ्यावर गडगडत नेई आणि भरतीच्या पाण्यात दोरीने बांधून ठेवी. सकाळी चाकं घट्ट! दुपारी ऊन लागलं की पुन्हा सैल, पण तोवर पाट्या गिरगावात पोचलेल्या असत. पुतळाबाई हसून आईला सांगे, "आमची गाडी रोज समुद्रात न्हाते."

असं महिनाभर चाललं. शेवटी चैत्रात एका चाकाची कड तडकली आणि हाजीअलीपाशी गाडी बसली. त्याच दिवशी संध्याकाळी धर्मा मेणकापडातला कागद घेऊन आमच्याकडे आला. तो माझ्या वडिलांच्या वयाचा, तरी मी त्याला अरे-तुरे करी. तशीच रीत होती.

"मास्तर, तुमी इंग्रजी लिवता. त्या सायबाला लिवा, आमाला दुसरं काय नको. चाकं तेवडी दे."

मी कागद वाचला. हमीला अजून सहा महिने होते. चाकं नवी देणं कारखान्याला भागच होतं. मी म्हटलं, "धर्मा, तू निर्धास्त राहा. असं पत्र लिहितो की साहेब महाबळेश्वरहून धावत येईल."

ते पत्र मी दोन दिवस लिहीत होतो. कारकुनाची उत्तरं तारखेवार घातली. पुतळाबाईची कमर घातली. आणि साहेबाच्या काळजाला पाझर फुटावा म्हणून एक लांबलचक वाक्य घातलं, की हा गरीब मनुष्य आपल्या गाडीची इतकी काळजी घेतो की रोज संध्याकाळी चारही चाकं स्वतःच्या हातांनी काढून समुद्राच्या पाण्यात भिजत ठेवतो. ते वाक्य मला फार आवडलं होतं. आईला त्याचं मराठी करून मी दोनदा ऐकवलं.

दोन महिन्यांत ज्या साहेबाला सवड झाली नव्हती, त्याचं उत्तर चार दिवसांत आलं. धर्मा समोर उभा होता आणि मी वाचत होतो. खाऱ्या पाण्याने लोखंड आणि लाकूड दोन्ही खराब होतात. मालकाने चाकं समुद्रात बुडवल्याचं आपल्या पत्रात स्वतःच कबूल केलेलं आहे. सबब हमी रद्द. पुन्हा पत्रव्यवहार करू नये.

"काय लिवलंय?" धर्माने विचारलं.

मी म्हटलं, "चाकं पाण्यात ठेवली म्हणून हमी गेली म्हणतात."

त्याने माझ्या हातातल्या पत्राकडे पाहिलं. मग म्हणाला, "पन त्यांना कसं कललं?"

माझ्या हातात पत्र होतं आणि त्यात सगळं लिहिलेलं होतं. त्याला वाचता येत नव्हतं. मी म्हणालो, "त्यांच्या कुणी माणसाने वाटेत गाडी पाहिली असेल, चाकांवर खाऱ्या पाण्याचे डाग दिसले असतील."

"मंग माजंच चुकलं," धर्मा म्हणाला. "मीच माज्या हातानं घालवलं." कागद त्याने पुन्हा मेणकापडात गुंडाळला आणि तो जिना उतरून गेला. मी त्याला हाक मारली नाही. आजही मला त्याची लाज वाटते.

नवी चाकं विकत घ्यायला धर्माकडे पैसे उरले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून पुतळाबाई पुन्हा पाटी घेऊन पायी येऊ लागली. धर्मा रघुच्या होडीवर मजुरीने जाऊ लागला, ज्या होडीचा तो कालपरवापर्यंत अर्धा मालक होता. वैशाखातल्या एका सकाळी आमच्याच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पुतळाबाई खाली बसली ती बसलीच. आईने पाटी उतरवली, पाणी पाजलं, पण तिला पाय हलवता येईना. घामाने तिचा चेहरा भिजला होता आणि ती सारखी म्हणत होती, "बाय, मासं उनात हायत, सावलीत ठेव." चौघांनी उचलून तिला भाड्याच्या व्हिक्टोरिया घोडागाडीत घातलं आणि वरळीला पोचवलं. डॉक्टराने सांगितलं होतं तसंच झालं. ती पुन्हा उभी राहिली नाही.

आषाढात मी तिला भेटायला गेलो. होड्या किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी झाकलेल्या होत्या. पुतळाबाई खाटेवर पडून कोळंबी सोलत होती. आईची चौकशी झाली, चाळीतल्या प्रत्येक घराची झाली. मग तिने दाराकडे बघून आवाज उतरवला.

"मास्तर, तुमी शिकल्याले. त्यांना एकदा सांगा, त्या पान्यानं काय बिगडलं नाय. खोटं असंल तरी सांगा. निस्तं बसून ऱ्हातात, जेवत नायत. तुमचं ते ऐकतील."

मी बाहेर गेलो. धर्मा होडीच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मी त्याच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ते वाक्य मी लिहिलं. कारखान्याला काहीच माहीत नव्हतं, ते माझ्या पत्राने कळलं. मी लिहिलं नसतं तर चाकं मिळाली असती. आणि त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. त्याने मला शिव्या द्याव्यात, एक ठेवून द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

धर्माचा हात थांबला नाही. जाळ्याची दोन घरं विणून झाल्यावर त्याने विचारलं, "लिवलं ते खोटं व्हतं काय?"

"नाही."

"मंग तुमचं काय चुकलं? बुडवली मीच ना?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तिला यातलं बोलू नका. तुमच्या घराचं तिला लय हाय."

मी आत गेलो. पुतळाबाईने लगेच विचारलं, "सांगितलात?" मी हो म्हटलं. "काय बोलले?" मी म्हटलं, "पटलं त्याला." तिचा चेहरा एवढा उजळला की मला तिथे बसवेना. निरोप घेऊन मी तसाच परत आलो.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. त्यानंतरच्या एका सकाळी खालून बायकांच्या हसण्याचा आवाज आला म्हणून मी कठड्याशी गेलो. कोळ्यांत मासे मारतो पुरुष आणि विकते बाई. पुरुषाने बाजारात पाटी मिरवायची नाही, अशी त्यांची रीत, आणि ती मोडणाऱ्याला कोळीवाडा सुखाने जगू देत नाही. धर्मा आमच्या जिन्याशी डोक्यावर पाटी घेऊन उभा होता. ओरडून सांगावं, भाव बोलावा, यातलं त्याला काहीच येत नव्हतं. तो नुसता उभा होता, मान ताठ धरून, आणि आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

आई भराभर खाली गेली. तिने स्वतः हात लावून पाटी उतरवून घेतली. धर्माने एक मोठी सुरमई काढून तिच्या हातात दिली. आईने किंमत विचारली, तर तो मान हलवून म्हणाला, "नाय बाय. ती बोलली, मास्तरांनी आमच्यासाठी लय केलं. पयला मासा त्यांच्या घरी दे, मगच धंदा कर."

दुपारी आईने ताट वाढलं. मला भूक नाही, असं मी म्हटलं.

"असं करू नये," आई म्हणाली. "पुतळाबाईने तुझ्यासाठी पाठवलीय."

मी पाटावर बसलो आणि सगळी सुरमई खाल्ली.