आबीचा तालुका

"पाणी कुठून येतं, ते आधी सांग!" टेबलावर कुठलाही नकाशा पसरला की आबी असं म्हणायचा आणि कागद फिरवायचा. उत्तर दिशा गेली खड्ड्यात. नदीचा उगम वरच्या बाजूला आला की मगच त्याची पेन्सिल चालायची. ऑफिसात नवा साहेब आला, तेव्हाही त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत आबीने मला हळूच विचारलं होतं, "याचं पाणी कुठून येतं?"

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, वेस्ट विंडसरजवळच्या एका लहानशा इंजिनियरिंग कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. मी इंजिनियर, तो ड्राफ्ट्समन, पन्नाशीचा, तुर्कस्तानातला. 'आबी' म्हणजे त्यांच्याकडे थोरला भाऊ. मला तो 'कार्देश' म्हणे, म्हणजे भावंड.

फुकट गेलेल्या ड्रॉइंगच्या कोऱ्या बाजूवर तो आपल्या तालुक्याचा इतिहास-भूगोल लिहीत होता. नदीकाठी कापूस, वर चुनखडीच्या उतारावर पिस्ते आणि द्राक्षं, मधे एक पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड. तिथे नांगर घातला की खापरं वर यायची. एक प्रकरण दगडी गिरणीचं होतं. गिरणीवाला आर्मेनियन. पहिल्या महायुद्धात त्याचं कुटुंब कुठे गेलं, तिथे अर्धं पान कोरं होतं.

"वडिलांना विचारलं की ते उठून बाहेर जायचे," आबी म्हणाला. "काय लिहू?"

तो आमच्याकडे जेवायला यायचा. एकदा त्याने बहिणीने पाठवलेली द्राक्षरसाची वाळवलेली पोळी आणली. बायकोने तुकडा तोंडात टाकला. "अय्या, ही तर आपली आंबापोळी!" मग माझ्याकडे बोट दाखवून त्याला म्हणाली, "आबी, ह्यांना विचारा, ह्यांच्या तालुक्यात गावं किती?"

मी आमटी वाढून घेतली.

"बघा! इथल्या टर्नपाइक हायवेचे एक्झिट मात्र सगळे पाठ आहेत."

आबी इतका हसला की त्याला ठसका लागला.

त्या हिवाळ्यात ऑफिसात ले-ऑफ सुरू झाले. माझं ग्रीन कार्ड अजून हातात नव्हतं. नोकरी गेली तर बाडबिस्तरा गुंडाळायचा. मला एका जागी बसवेना. दर तासाला कॉफीला उठायचो, कॉफी न घेताच परत यायचो.

अशाच एका दुपारी आबी दोन नकाशे घेऊन आला. एक त्याचा, तालुक्याचा, जुना. दुसरा बहिणीने पाठवलेल्या वर्तमानपत्रातला. खालच्या अंगाला धरण होत होतं आणि पाणी कुठवर चढणार ते त्यात दाखवलं होतं. ज्यांना कबरी हलवायच्या असतील त्यांनी वसंत ऋतू संपायच्या आत यावं, असं गावात जाहीर झालं होतं.

"आई टेकडीच्या पायथ्याशी आहे, कार्देश. तू इंजिनियर. तू बघ."

साहेबाने मला दहा मिनिटांत बोलावलं होतं. जुन्या नकाशावरची कबरस्तानाची उंची आणि धरणाची पाणीपातळी, दोन आकडे मी वजा केले. "कोरडी राहील. चार मीटर वर आहे."

त्याने माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. विमानाचं तिकीट काढलं नाही.

तीन आठवड्यांनी दुसऱ्याच एका कामात दोन नकाशांच्या उंच्या जुळेनात, तेव्हा मला आबीचे आकडे आठवले. उंची कुठल्या शून्यापासून मोजली, हे दोन्ही नकाशांत एकच आहे ना, ते आधी बघायचं असतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. मी आबीचे कागद काढले. दोन्ही नकाशांवर गावची मशीद होती आणि जुन्या नकाशात तिच्या पायरीची उंची सहा मीटर जास्त होती. म्हणजे कबर दोन मीटर पाण्याखाली जाणार होती.

कबर हलवायला तेव्हा अजून महिनाभर हातात होता. मी सांगितलं नाही. इंजिनियरने अशी चूक केली, ही गोष्ट ऑफिसभर झाली असती, आणि यादीत पुढचं नाव माझं. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. तो "काय, कार्देश?" म्हणायचा आणि मी हवेबद्दल बोलायचो.

पुढे पाणी चढलं. बहिणीचा फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलाशी उभा राहिला.

"आईवर पाणी आलं. तुला कळलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

"मोजणाऱ्याचं चुकतं कधीकधी," असं म्हणून त्यानेच माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी नोकरी टिकली. उन्हाळ्यात तो राजीनामा देऊन गावी गेला तो गेलाच.

दोन वर्षांनी पोस्टाने त्याचं पुस्तक आलं. मला तुर्की वाचता येत नाही. शेवटी घडीचा नकाशा होता, त्याच्याच रेखीव हाताचा. निळ्या पाण्यात, कबरस्तानाच्या जागी, एक बारीक ठिपका आणि शेजारी खोली: दोन मीटर. आमच्या ऑफिसातल्या ड्रॉइंगला असायची तशी कोपऱ्यात चौकट आखलेली. 'काढणारा' खाली त्याची आद्याक्षरं, 'तपासणारा' खाली माझी.

त्याला काय माहीत होतं, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. पुस्तकात पत्ता होता. मी पत्र लिहिलं नाही.