चार फूट चूक

आमच्या सासऱ्यांइतका स्वतःच्या चुकीला जपणारा माणूस बारामती तालुक्यात दुसरा नाही. इंदापूर तालुक्यातही नसावा, पण त्याची खात्री मी देत नाही, कारण खात्री देताना ती कितपत चुकेल हेही सांगावं लागतं, असं मी त्यांच्याकडूनच शिकलो आहे. बत्तीस वर्षं त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर तेच घरी चालू ठेवलं. सासूबाईंनी गवार किती आणता म्हणून विचारलं, की "अर्धा किलो, चूक एक पाव" असं उत्तर येतं. इंदापूरची एसटी किती वाजता पोचेल या प्रश्नालाही एक वेळ आणि एक चूक मिळते. नुसता अंदाज सांगून मोकळ्या होणाऱ्या माणसाला ते अर्धशिक्षित समजतात. "अंदाज कुणीही ठोकतो," ते म्हणतात, "किती चुकेन हे आधी सांगायला छाती लागते."

त्यांचा दुसरा हट्ट दिशेचा. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझं शिक्षण, नोकरी, सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "आत्ता कुठं आहात ते कळलं. निघालात कुठं?" मी घाबरून "चहा झाला की घरी" असं सांगितलं. पुढे आमच्या मुलीला ताप आला आणि मी फोनवर एकशे एक म्हणालो, तर म्हणाले, "ते झालं ठिकाण. चढतोय का उतरतोय?" डॉक्टरांनीही नेमकं तेच विचारलं, आणि त्या दिवसापासून बारामतीत निदान एक डॉक्टर शिकलेला आहे असं त्यांचं मत झालं. दोन ठिकाणं माहीत असावीत आणि दोन्ही ठिकाणी तोंड कुणीकडे होतं ते माहीत असावं. या चार गोष्टी कळल्या की मधली वाट काढता येते. ती थोडी चुकते. टोकांजवळ चूक जवळपास नसते, बरोबर मध्यावर सगळ्यात जास्त. हे प्रमेय त्यांनी शोधलेलं नाही, पण त्यावर एवढी श्रद्धा असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

इंदापूरजवळ त्यांची वडिलोपार्जित जमीन आहे. अर्धी त्यांची, अर्धी थोरल्या भावाची, म्हणजे तात्यांची. मधून त्यांच्या वडिलांनी, आबांनी, बैल जुंपून नांगरानं घातलेला वळणावळणाचा बांध होता. होता म्हणायचं, कारण बांध कोरणं ही आमच्याकडे चोरी मानत नाहीत, मशागतीचा भाग मानतात. इकडून सासऱ्यांचा वाटेकरी आणि तिकडून तात्या, दर नांगरटीला वीत-वीत कोरत गेले आणि एके वर्षी मधला बांध दिसेनासा झाला. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं आणि सख्ख्या भावांचं बोलणं अकरा वर्षं बंद पडलं. लग्नकार्यात दोघे मांडवाच्या दोन टोकांना बसत. सासरे त्याबद्दल अवाक्षर काढत नसत, पण कुणी इंदापूरहून आलं की तात्यांची तब्येत हमखास विचारत, आणि सुधारतेय का, हेही. मला त्या वेळी फार वाईट वाटे.

मग एका उन्हाळ्यात, ऊस तुटून रान मोकळं झाल्यावर, ते मला टेप, खुंट्या आणि चुन्याचं पोतं घेऊन तिथे घेऊन गेले. रस्त्याकडेला आणि पाटाकडेला हद्दीच्या दगडांपाशी वीस-वीस पावलं जुना बांध शिल्लक होता. दोन ठिकाणं, दोन दिशा. सकाळभर त्यांनी वहीत आकडेमोड केली आणि मी चुन्याची फक्की पाडत गेलो. तेवढ्यात तात्या आले आणि चार हातांवर उभे राहिले. बोलणं बंद असल्यामुळे ते मला म्हणाले, "जावईबापू, ह्यास्नी इचारा, हितं काय चाललंय?"

सासऱ्यांनीही मलाच सांगितलं, "म्हणावं, आबांचा बांध काढतोय. मध्यावर चार फूट चूक आहे."

"कुणाकडं चार फूट?"

"ते ठावं न्हाय," सासरे म्हणाले. बत्तीस वर्षांचं कॉलेज त्या एका वाक्यात गळून पडलं आणि ते थेट तात्यांशी बोलत होते.

"मग चारच कशावरनं?"

"बैलांवरनं. बैल एकदम वळत न्हाय. त्याच्याबाहेर बांध जायचा न्हाय."

तात्या वाकून चुन्याची रेघ बघू लागले. "आबांचा डावा बैल लई हट्टी हुता," ते म्हणाले.

"त्यो बी हिशेबात धरलाय मी."

मग सासऱ्यांनी मधल्या खुंट्या उपटल्या आणि चार फूट स्वतःच्या रानात आत ठोकल्या. "गणित माझं हाय," ते म्हणाले, "चूक माझ्यात राहू दे." तात्या निघून गेले. पुढच्या लागणीला आम्ही पाहिलं, तर त्यांनीही त्यांच्या बाजूला मध्यावर चार फूट सोडून सरी पाडली होती. जिथे हातभर रान कुणी मोकळं ठेवत नाही, तिथे दोन्ही टोकांना निमुळती आणि मध्ये रुंद अशी आंब्याच्या पानासारख्या डौलाची पट्टी गवताला मिळाली. तिच्या बरोबर मध्यावर तात्यांनी एक बाज आणून टाकली. दर रविवारी दोघे भाऊ तिथे बसून चहा पीत आणि त्या हट्टी बैलाबद्दल वाद घालत.

गेल्या वर्षी तात्या गेले. परवा त्यांच्या मुलानं शेतात सासऱ्यांना विचारलं, "काका, सरकारी मोजणी आणू का? आता मशीन हाय, इंचभर बी चुकत न्हाय." मला वाटलं, जन्मभर ज्यांनी चुकीचा पाठलाग केला त्यांना यासारखी आनंदाची बातमी नाही. ते बाजेच्या एका कडेला बसले होते, दुसऱ्याची जागा तशीच सोडून. त्या जागेवरून त्यांनी एकदा हात फिरवला.

"नको," ते म्हणाले, "तेवढी चूक राहू दे. बसायला लागती."