ओल्या वॉर्निशवरची धूळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. ताई ढाणकीला का गेली असं कुणी विचारलं, की मी म्हणायचो, "लेकीकडे करमते तिले." तसं नव्हतं.

वणीत खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की काळं होतं. कोळशाचे ट्रक थांबत नाहीत. अशा गावात मी तैलचित्रं काढू शकलो ते माझ्या थोरल्या विधवा बहिणीमुळे. चित्रांची खोली तिने सांभाळली. झाडूने धूळ उडते म्हणून ती झाडू आत नेत नसे. फडकं घट्ट पिळून फरशी पुसायची, दारात भिजवलेलं गोणपाट टाकायची. पाय पुसल्याशिवाय कुणालाही आत घेत नसे, मलासुद्धा. माझ्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

एका उन्हाळ्यात सोयाबीनच्या व्यापाऱ्याने आईचं चित्र काढायला सांगितलं, वर्षश्राद्धाला लावण्यासाठी. वॉर्निश ओलं असताना खोलीत पंखा नाही, कूलर नाही, हा नियम माझाच. वॉर्निश लावलं त्या दुपारी ताई शेजारी पापड लाटायला गेली. उकाडा सोसवेना. मी कूलर लावला आणि खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा चित्रातल्या म्हातारीच्या गालांवर काळे कण चिकटले होते. कूलर बंद करतो तोच व्यापारी आला, मागोमाग ताई.

"आमची माय खाणीत कामाले होती काय?" तो म्हणाला.

"हिनं झाडू मारला असन," मी म्हणालो.

"मी झाडू आत नेतच नाही, भाऊ," ताई त्याला म्हणाली.

"मंग धूळ काय पाहुणी आली? आता दिसत नाही तुले, ताई," मी म्हणालो.

तिने कूलरकडे पाहिलं. वाळ्यातून पाणी अजून ठिबकत होतं. मग माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती त्या खोलीत आली नाही, आणि पोळ्याआधी लेकीकडे राहायला गेली.

मी अधूनमधून ढाणकीला जायचो. बसमध्ये वाक्य जुळवायचो. तिथे चहा व्हायचा, कापसाचं बोलणं व्हायचं.

"खोली कोण पुसते आता?" एकदा तिने विचारलं.

"मीच."

"फडकं नीट पिळत जाय."

तेव्हा आम्ही दोघंच होतो. तरी मी बसची वेळ झाली म्हणून उठलो. मागच्या हिवाळ्यात ती वारली. बोलायचं होतं ते एवढंच: ताई, कूलर मीच लावला होता. तुले माहीत होतं, तरी तू चूप राह्यली. मले माफ कर.