रीटेकबाईचं गाणं

लग्नात नवरीने हार घातला की आमच्या इंद्रलोक वस्तीतली रीटेकबाई कॅमेऱ्यामागून म्हणायची, "परत." एकदा भटजी चिडले. ती म्हणाली, "अक्षता पडल्यात, गुरुजी. आता मुहूर्त माझा." तिचा नवरा वारल्यावर लग्नाच्या शूटिंगचा धंदा तिने एकटीने चालवला. नाव निराळं होतं, पण पडलं ते रीटेकबाईच.

तिला एकदा तरी स्वतःचं गाणं शूट करायचं होतं. त्यातच डोळ्यांत काचबिंदू निघाला. "गेलेली नजर येत नाही. राहिलीय तेवढ्यात करायचं," म्हणाली, आणि आम्हा रत्नागिरीकडच्या बायकांची गौरीची फुगडी निवडली. कॅमेऱ्याचा छोटा पडदा तिला नीट दिसेना. तो बघायला मला घेतलं.

"मी चौथी शिकलेय," मी म्हटलं.

"बरं झालं, काकी. अक्कल शिकवणार नाही तुम्ही."

मी लगेच शिकवायला लागले. जेसल पार्कला खाडीकाठी डायरेक्टरसारखी खुर्ची टाकून, नातीचा गॉगल लावून बसले. गॉगलातून पडदा दिसत नाही हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

गाणं आधीच रेकॉर्ड केलेलं. ते स्पीकरवर लागलं की बायकांनी नुसते ओठ हलवायचे. पण आमच्या फुगडीत समोर जी येईल तिच्या नावाने टोमणा मारायची रीत. स्पीकर रेकॉर्डिंगमधल्या सुमनचं नाव घेई, बायका समोरचीचं. काही जुळेना.

"काकी, समजवा त्यांना."

मी उठले. तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या लक्ष्मीने ओळ टाकली, "खुर्चीत बसली आमची काकी, घरी सुनेला भांडी बाकी." झालं. मी पदर खोचला आणि उत्तर द्यायला फुगडीत शिरले. डायरेक्टर कॅमेऱ्यासमोर, गॉगलसकट.

ऊन उतरलं. रीटेकबाईने हळू आवाजात विचारलं, "खरं सांगा, एकदा तरी जुळलं?"

"एकदाही नाही."

बायका पुन्हा जमेपर्यंत तिची नजर थांबणार नव्हती.

"मग पडद्यात चांगलं काय दिसतंय?"

"पाय. आणि हातांची पकड."

"कॅमेरा खाली घ्या."

अख्ख्या गाण्यात पाय, लुगड्यांचे काठ आणि हात. लक्ष्मी म्हणाली, "मग आम्हाला पावडर कशाला फासायला लावलीत?" डायरेक्टरने गॉगल पुन्हा डोळ्यांवर चढवला.

एडिटिंग झाल्यावर रीटेकबाई मोबाइल घेऊन आली. शेवटी तिचं नाव येत होतं, ते तिला दिसेना. "वाचा, काकी." मी अक्षरं जुळवत निम्म्यात पोचले, तर नाव गेलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिने तिथूनच एडिटिंगवाल्याला फोन लावला, "नाव धरून ठेव. आमच्या काकींचं वाचून होईपर्यंत."

आता ती साताऱ्याला मुलीकडे असते. उजेड आणि अंधार, एवढंच कळतं तिला. गाणं इथे मोबाइलवर फिरत असतं. शेवटी नाव इतका वेळ थांबतं, की फोन अडकला समजून लोक बोट मारायला जातात. मी त्यांचा हात धरते.

"अडकलेला नाही," म्हणते. "मी वाचतेय."