बर्फाखालचे दोन वाफे

“मग लावल्याच कशाला, सडवायला?” माझा भाऊ मोदरिस दारातूनच बोलत होता. ऑक्टोबर सरत आला होता. बाकी सगळ्या क्रॅनबेरी तोडून झाल्या होत्या आणि माझ्या वहिनीनं, वेल्गानं, शेवटच्या दोन वाफ्यांना कुणाला हात लावू दिला नव्हता.

“सडणार नाहीत. बर्फाखाली राहतील,” ती म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

खरं भांडण वाइनचं होतं. आमच्या घरच्या लग्नात आईच्या हातची वाइन असते, दलदलीतल्या रानटी क्रॅनबेरीची. पण आईच्या गुडघ्यांना आता दलदल झेपत नाही, बाटल्या संपल्यात, आणि पुढच्या सप्टेंबरात माझ्या मुलीचं, इल्झेचं, लग्न.

जळणासाठी पीट, म्हणजे दलदलीतली कुजलेली माती, खणून नेलेल्या काळ्या रानात वेल्गानं आठ वर्षांपूर्वी अमेरिकेतली टपोरी जात लावली, तेव्हा गाव हसलं होतं. हिवाळ्यात वाफे गोठले की ती घमेल्यानं त्यांच्यावर वाळू पसरायची. बर्फ वितळलं की वाळू खाली बसे आणि वेलींना नवी मुळं फुटत. पीक भरघोस आलं. पण त्याची वाइन केली की आई पेला नाकाशी नेई आणि म्हणे, “रंग छान आहे गं. वास कुठे ठेवलास?”

वेल्गा चिडली नाही. त्या वर्षी तोडणीआधी तिनं आईला फक्त विचारलं, तुम्ही वाइनसाठी कधी वेचायचात?

“एप्रिलात, बर्फ गेल्यावर. कधी म्हणजे काय?” आई म्हणाली. इतक्या वर्षांत आम्ही कुणी हे विचारलं नव्हतं.

एप्रिलात वेल्गा गोणपाटावर गुडघे टेकून मऊ पडलेली फळं एकेक करून वेचत होती. तिसरा हिस्सा खरंच सडला होता, आणि मोदरिस ते रोज जेवताना ऐकवायचा. ती त्याला आणखी सूप वाढायची.

ऑगस्टच्या शेवटी तिनं आईपुढं त्या फळांच्या वाइनचा पेला ठेवला. आईनं वास घेतला, पुन्हा घेतला. मला तो टेबलापलीकडेही आला: ओलं शेवाळ, मध, मागून जरासा कडवट पाला. आईनं पेला रिकामा करून पुढं सरकवला. वेल्गानं तो भरला.

“थोडीच आहे,” मोदरिस म्हणाला. आवाज उतरला होता. “लग्नाला पुरेल?”

“लग्नाला पुरेल,” वेल्गा म्हणाली. “आणि यंदा सहा वाफे बर्फाखाली राहतील.”